वण दिसला, जाळलाही. तरी एएफ परतलं

जून २०२२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ‘डिकाफ-२’ या चाचणीचा निकाल छापून आला. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवर काम करणारे डॉक्टर या निकालाकडे डोळे लावून बसले होते. ४४ केंद्रं, ८४३ रुग्ण. सगळ्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे दवाखान्यात ज्याला सरळ एएफ म्हणतात ते, आणि तेही आपणहून न थांबणारं, ठाण मांडून बसलेलं. निम्म्या रुग्णांवर नेहमीचं ॲब्लेशन झालं, म्हणजे कॅथेटर ही बारीक नळी शिरेतून हृदयात नेऊन बिघाडाच्या जागा जाळणं. उरलेल्या निम्म्यांवर ॲब्लेशन करताना डॉक्टरांसमोर आणखी एक गोष्ट होती. त्या त्या रुग्णाच्या डाव्या अलिंदाचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा, एमआरआयवरून तयार केलेला रंगीत नकाशा. त्यात निरोगी स्नायू निळा आणि वणाचे चट्टे हिरवे. हे हिरवे चट्टे गाठून जाळायचे किंवा भोवती कडं घालून वेगळे पाडायचे, असं ठरलेलं होतं.

पुढचे १२ ते १८ महिने सगळ्यांवर लक्ष ठेवलं. नेहमीचं ॲब्लेशन झालेल्यांपैकी ४६.१ टक्के लोकांत ठोके पुन्हा बिघडले. वण जाळलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांत. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. गंभीर गुंतागुंतींचा फरक मात्र स्पष्ट होता. नेहमीच्या गटात ठरवून मोजलेल्या गुंतागुंतींपैकी एकही नाही. वण जाळलेल्या गटात ९ जणांना, आणि त्यातल्या ६ जणांना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला. याच गटात २ मृत्यू झाले. त्यातला पहिला प्रक्रियेमुळे झालेला असू शकतो, असं खुद्द संशोधकांनीच नोंदवलं.

एवढंच वाचलं तर वाटेल की वणाचा आणि एएफचा संबंधच नसावा. पण तो संबंध पक्का आहे. प्राण्यांत दिसलेला आहे, माणसांत मोजलेला आहे. मग ज्याचा संबंध इतका पक्का, ते काढून टाकल्यावर फायदा का झाला नाही? हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते या प्रश्नासाठी.

आधी वण कसा तयार होतो ते पाहू. हृदयाच्या स्नायूपेशी सलग ओळीत, टोकाला टोक जोडून बसलेल्या असतात. एका पेशीतला विजेचा संदेश बारीक छिद्रांमधून पुढच्या पेशीत जातो. या पेशींच्या मधल्या जागेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे तंतू विणून सगळं जागच्या जागी धरून ठेवणं हे त्यांचं काम. अलिंदावर वर्षानुवर्षं ताण पडला की या फायब्रोब्लास्ट चेतावतात आणि गरजेपेक्षा जास्त कोलॅजन विणू लागतात. ताणाची कारणं नेहमीचीच: वाढलेला रक्तदाब, आकुंचलेली झडप, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं, दुबळं पडलेलं हृदय किंवा नुसतं वय. अँजिओटेन्सिन-२ आणि टीजीएफ-बीटा ही दोन रसायनं या विणकामाला जोर देतात. हार्ट ॲटॅकनंतर निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यात, राहतो तसा एक मोठा सलग डाग इथे सहसा पडत नाही. कोलॅजन पेशींच्या ओळींमध्ये शिरतं, शेजारच्या ओळी एकमेकींपासून तोडतं, आणि जागोजागी बारीक चट्टे तयार होतात.

शेतात पाटाला पाणी सोडल्यावर मध्ये ढेकळं आली तर पाणी थांबत नाही, वळसा घालून, नागमोडी, सावकाश पुढे जातं. विजेचा संदेशही तसाच जातो. निरोगी अलिंदात ही लाट एका दमात सगळीकडे पसरते आणि विझते. चट्ट्यांनी भरलेल्या अलिंदात ती इतकी रेंगाळते की मागचा भाग तोवर विश्रांती संपवून पुन्हा तयार झालेला असतो. लाट मागे वळून त्याच भागात शिरते आणि फिरतच राहते. अशा फिरत्या लाटा अनेक झाल्या की अलिंद आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. तेच एएफ.

मूळ गुंता पुढे आहे. एएफ स्वतःही वण वाढवतं. १९९५ साली हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बकऱ्यांच्या अलिंदात विजेचे झटके देऊन एएफ पुन्हा पुन्हा सुरू केलं. आरंभी ते काही सेकंदांत थांबायचं. पण सतत सुरू ठेवल्यावर ११ पैकी १० बकऱ्यांमध्ये ते २४ तासांहून जास्त टिकू लागलं, आणि तिथवर पोचायला सरासरी एकच आठवडा लागला. एएफमुळेच एएफला घर मिळतं, हे तेव्हा पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. बकऱ्यांमधला हा सुरुवातीचा बदल विजेच्या गुणधर्मांतला होता. ठोके पूर्ववत केल्यावर आठवड्याभरात तो मागे फिरत होता. वणाचं तसं नाही. १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या स्टॅनली नाटेल यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये पाच आठवडे निलय जलद धडकवत ठेवून हृदय दुबळं केलं. अलिंदात भरपूर वण आले आणि एएफ दीर्घकाळ टिकू लागलं. पुढच्या प्रयोगांत हृदय सावरू दिलं तेव्हा पंपिंग सुधारलं, पण वण आणि एएफला पोसणारी जमीन, दोन्ही तिथेच राहिली. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तेव्हा ध्यानात ठेवावा.

आता ॲब्लेशनकडे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसाग्वेर यांच्या गटाने ४५ रुग्णांत एएफची ठिणगी कुठे पडते याचा शोध घेतला, आणि ९४ टक्के ठिणग्या फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या आत सापडल्या. तेव्हापासून या शिरांभोवती जाळून कडं घालणं हा ॲब्लेशनचा पाया झाला. अधूनमधून येऊन जाणाऱ्या एएफमध्ये हे चांगलं चालतं. ठाण मांडलेल्या एएफमध्ये बरंच कमी. ठिणगी बंद केली तरी गवत वाळलेलंच आहे, म्हणून तो वाळलेला भागही हाताळायला हवा, असा तर्क साहजिक होता.

तर्काला आधारही मिळत गेला. २००५ मध्ये क्लीव्हलँडच्या एका अभ्यासात ॲब्लेशन झालेल्या ७०० रुग्णांची पाहणी केली गेली. ज्या ४२ जणांच्या डाव्या अलिंदात आधीपासून वण होता, त्यांच्यापैकी ५७ टक्के लोकांत एएफ परतलं. बाकीच्यांत १९ टक्के. या अभ्यासाच्या लेखकांत नासिर मारूश होते. पुढे ते सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठात गेले आणि वण कॅथेटर आत घालण्याआधीच, बाहेरून एमआरआयवर कसा पाहता येईल याच्या मागे लागले.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या अपयशाचं एक मूळ इथे आहे. रुग्णाच्या शिरेतून गॅडोलिनियम हे रंगद्रव्य देतात आणि साधारण पंधरा मिनिटं थांबतात. निरोगी स्नायूतून ते तोवर धुऊन निघतं. वण असलेल्या जागी पेशींच्या मधली मोकळी जागा जास्त असते, तिथे ते रेंगाळतं आणि चित्रात उजळ दिसतं. निलयाच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण त्याची भिंत जाडजूड. डाव्या अलिंदाची भिंत जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर. युटा पद्धतीत चित्राचा एक ठिपका साधारण १.२५ मिलिमीटर लांब-रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड. म्हणजे अख्खी भिंत एक-दोन ठिपक्यांत मावते. त्यात हृदय धडधडतंय, रुग्ण श्वास घेतोय, आणि ठोके अनियमित असतील तर चित्र आणखी पुसट. मग प्रशिक्षित माणूस एकेका कापावर भिंतीची आतली आणि बाहेरची कड हाताने रेखतो, उजळपणाची सीमा ठरवतो, आणि त्यातून तो निळा-हिरवा नकाशा उभा राहतो. इतकी मेहनत करूनही पहिल्या मोठ्या अभ्यासात ३२९ पैकी ५७ जणांचे एमआरआय वाचण्याजोगे नव्हते म्हणून बाजूला ठेवावे लागले.

तरीही आकडे बोलत होते. २००९ मध्ये युटाच्या ८१ रुग्णांत ॲब्लेशननंतर एएफ परतण्याचं प्रमाण कमी वण असलेल्यांत १४ टक्के, मध्यम वणात ४३ टक्के आणि जास्त वणात ७५ टक्के निघालं. आपल्याच रुग्णालयातले आकडे आपल्याला अनुकूल निघतात, अशी शंका कुणी घेतली असती; म्हणून पुढचा अभ्यास अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या १५ केंद्रांवर झाला. हा पहिला डिकाफ. निकाल २०१४ मध्ये आला. २६० रुग्णांच्या अलिंदाची वणानुसार चार पायऱ्यांत विभागणी केली होती: १० टक्क्यांहून कमी, १० ते २०, २० ते ३०, आणि ३० च्या वर. ॲब्लेशननंतर ३२५ व्या दिवसापर्यंत एएफ परतण्याचं प्रमाण अनुक्रमे १५.३, ३२.६, ४५.९ आणि ५१.१ टक्के. वण एक टक्क्याने वाढला की परतण्याचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढत होता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वणाचे आकडे माहीत नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनाचा कल इथे आडवा आलेला नाही. मला हा अभ्यास आजही भक्कम वाटतो.

पण त्याच अभ्यासात एक आकडा होता, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. वय, रक्तदाब, अलिंदाचा आकार वगैरे नेहमीच्या माहितीवरून कुणाचं एएफ परतेल हे ओळखण्याची क्षमता ०.६५ होती, वणाची भर घातल्यावर ती ०.६९ झाली. ०.५ म्हणजे नाणं उडवणं, १ म्हणजे अचूक ओळख. भर खरी होती, पण छोटी होती. शंभर रुग्णांच्या गटाविषयी वण बरंच सांगतो. समोर बसलेल्या एका रुग्णाविषयी तितकं सांगत नाही.

डिकाफवरून डिकाफ-२ कडे जाताना एक उडी मारलेली आहे. पहिल्या अभ्यासाने दाखवलं की जास्त वण असणाऱ्यांचं एएफ परततं. दुसऱ्याने गृहीत धरलं की तोच वण जाळला तर ते परतणार नाही. या दोन विधानांमध्ये बरंच अंतर आहे. आणि त्या अंतराची सूचना आधीच मिळाली होती: २०१५ मध्ये अतुल वर्मा यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘स्टार एएफ-२’ चाचणीत, ठाण मांडलेल्या एएफच्या ५८९ रुग्णांवर शिरांभोवतीच्या कड्याखेरीज जास्तीच्या रेषा किंवा जास्तीच्या जागा जाळून पाहिल्या होत्या. फायदा झाला नाही. उलट नुसतं कडं घातलेल्यांचे आकडे किंचित बरे होते. डिकाफ-२ ची बाजू अशी होती की आम्ही आंधळेपणाने जाळत नाही, प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या वणावर जातो. तपासून पाहण्यासारखीच ही बाजू होती. तपासल्यावर जे निघालं ते त्याच लोकांनी न लपवता छापलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

फायदा का झाला नाही याची एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत.

जाळणं म्हणजेही वण तयार करणं. कॅथेटरच्या टोकाशी स्नायू मरतो आणि त्या जागी कालांतराने कोलॅजनच येतं. फरक इतकाच की पूर्ण मेलेला, सलग वण विजेला पूर्ण अडवतो. अर्धवट जाळलेला भाग मात्र संदेशाला सावकाश जाऊ देतो, म्हणजे नेमकं एएफला हवं ते करतो. विखुरलेले चट्टे एकेक करून पूर्ण मारणं, तेही दोन-तीन मिलिमीटर भिंतीत, पलीकडे अन्ननलिका असताना, हे काम कागदावर दिसतं त्याहून फार अवघड. तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढला की हवा तिथे वण पडलाय का हे दिसायचं, आणि ठरवलेल्या सगळ्या जागा झाकल्या गेलेल्या असायच्याच असं नाही.

दुसरं, हिरव्या रंगात जे दिसत होतं ते सगळं एएफ चालवणारं होतं का? वण किती आहे यापेक्षा तो कसा पसरलेला आहे, जिवंत स्नायू त्यात कसा गुंतलेला आहे, यावर फिरत्या लाटा ठरतात. एक-दोन ठिपक्यांच्या भिंतीत ही बारकाई मावत नाही. काही चट्टे नुसते जुन्या ताणाची खूण असतात. ते जाळून रुग्णाच्या पदरात फक्त जास्त वेळ चाललेली प्रक्रिया, जास्त भाजलेला स्नायू आणि गुठळीचा जास्त धोका पडतो. त्या ६ झटक्यांकडे मी याच नजरेने पाहतो.

तिसरं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या ताणाने वण आला तो ताण ॲब्लेशननंतरही चालूच असतो. रक्तदाब तसाच, वजन तसंच, झोपेतला अडकणारा श्वास तसाच. आजचा नकाशा जाळला तरी फायब्रोब्लास्टचं विणकाम दुसरीकडे सुरू राहतं.

इथे थांबून, वण जाळण्याचा विचारच चुकीचा, असं म्हणून मोकळं होता येत नाही. २०२२ मध्येच जर्मनीतून ‘इरेज-एएफ’ ही चाचणी आली. ३२४ रुग्ण, तेही ठाण मांडलेल्या एएफचे. इथे नकाशा एमआरआयचा नव्हता. कॅथेटर अलिंदाच्या आतल्या भिंतीला टेकवून जिथे विजेचा दाब क्षीण आढळला, ते भाग जाळले. नुसतं कडं घातलेल्यांपैकी ५० टक्के लोकांत ठोके पुन्हा बिघडले, क्षीण भागही जाळलेल्यांपैकी ३५ टक्के लोकांत. हा फरक खरा ठरला. म्हणजे विजेच्या मोजणीत सापडलेला रोगट भाग आणि एमआरआयवर सापडलेला वण या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. त्या काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते एवढ्यात मिटलाय असं कुणी रुग्णाला सांगूही नये.

जाळण्याऐवजी औषधाने वण रोखता येईल का, हेही करून झालंय. अँजिओटेन्सिन-२ मुळे कोलॅजन वाढतं, तर त्याला अडवणारं वल्सार्टन एएफला आळा घालेल, अशी आशा होती. इटलीत १,४४२ रुग्णांवर झालेल्या ‘जिसी-एएफ’ चाचणीत, २००९ साली, वल्सार्टन घेणाऱ्यांपैकी ५१.४ टक्के आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ५२.१ टक्के लोकांत एएफ परतलं. मॉन्ट्रियलच्या कुत्र्यांची आठवण ठेवली तर यात नवल वाटत नाही. वण बसल्यावर त्याचं कारण दूर केलं तरी वण राहतो.

म्हणूनच वेळेचा मुद्दा येतो, आणि तिथले आकडे आशादायक आहेत. २०२० मधल्या ‘ईस्ट-एएफनेट ४’ चाचणीत निदान होऊन एक वर्षही न झालेल्या २,७८९ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच ठोके नियमित ठेवण्याचे उपचार दिले, बहुतेकांना औषधांनीच. हृदयविकाराने मृत्यू, मेंदूचा झटका किंवा हृदयासाठी रुग्णालयात भरती होणं, हे सगळं मिळून २१ टक्क्यांनी कमी झालं. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये ३५५ लठ्ठ रुग्णांना पाच वर्षं पाहिलं होतं: ज्यांनी १० टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांच्यापैकी ४५.५ टक्के लोक औषध किंवा ॲब्लेशनशिवाय एएफमुक्त होते. ज्यांचं वजन ३ टक्क्यांपेक्षा कमी उतरलं त्यांच्यात हेच प्रमाण १३.४ टक्के. अलिंदाचा आकारही पहिल्या गटात कमी झालेला दिसला. २०२३ मध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनांनी एएफच्या टप्प्यांची मांडणी बदलली आणि एएफ अजून सुरूच न झालेल्या, पण अलिंद मोठं झालेल्या माणसांनाही त्यात जागा दिली. हा बदल मला डिकाफ-२ सारख्या निकालांशी सुसंगत वाटतो.

आपल्याकडच्या वाचकाने या सगळ्यात एक फरक लक्षात घ्यावा. डिकाफ-२ मधला सरासरी रुग्ण ६२-६३ वर्षांचा, पाचपैकी चार पुरुष. भारतीय नोंदवहीत एएफचा रुग्ण सरासरी पंचावन्नच्या आसपासचा, निम्म्या बायका, आणि जवळपास निम्म्यांत मूळ कारण लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर आलेल्या रुमॅटिक फिव्हरने बिघडलेली झडप. मायट्रल झडप आकसली की डाव्या अलिंदात वर्षानुवर्षं रक्त तुंबतं, भिंत ताणली जाते, वण दाट होतो. घसा दुखल्यावर वेळेत न मिळालेलं पेनिसिलिन पस्तिसाव्या वर्षी एएफ म्हणून समोर येतं. या रुग्णांवर ना डिकाफ झाला, ना इरेज-एएफ. त्यांच्या अलिंदाला ॲब्लेशनच्या यशाच्या आकड्यांच्या जाहिराती लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी आकसलेली झडप फुग्याने उघडणं किंवा तिची शस्त्रक्रिया वेळेत होणं आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं न चुकणं, हाच वण रोखण्याचा खरा उपाय आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही त्यांचा हिशोब वेगळा. २०२२ मध्येच आलेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत, २४ देशांतल्या साडेचार हजार रुमॅटिक एएफ रुग्णांत, नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधं सरस ठरली. मृत्यूही त्या गटात कमी झाले. आपल्याकडे बहुतेकांना याच जातीचं ॲसिट्रॉम चालू असतं. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, तपासायचा कंटाळा येतो, नवी गोळी सोयीची वाटते, शेजारच्या काकांना तीच चालू असते. पण झडप आकसलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बदलू नये. आणि झडपेचा रुग्ण असो वा नसो, एमआरआयवर वण कमी दिसला किंवा ॲब्लेशन यशस्वी झालं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. ती कोणाला किती काळ लागेल हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी येऊन गेलेला झटका आणि झडपेची अवस्था यांवरून ठरतं.